चेहऱ्यावरून प्राचीन युरोपीय वंश: अंदाज कुठवर धरायचा

सोलापुरात कुणाचे डोळे घारे दिसले की “याचे पूर्वज तिकडचेच” असं लगेच ठरतं. तिकडचे म्हणजे कोण, हे आधी पक्कं करा. आजच्या युरोपात मुख्यतः तीन धारा मिसळल्या आहेत: जुने शिकारी, सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी अनातोलियातून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेले शेतकरी, आणि ५,००० वर्षांपूर्वीचे स्टेपवरचे, म्हणजे युरेशियातल्या गवताळ मैदानांवरचे पशुपालक. स्पेनच्या ला ब्रान्या गुहेतला ७,००० वर्षांपूर्वीचा शिकारी निळ्या डोळ्यांचा, पण गडद त्वचेचा होता. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला प्राचीन माणूस ओट्झी बहुतांशी अनातोलियन वंशाचा, तपकिरी डोळ्यांचा आणि सावळा. गोरा रंग आणि निळे डोळे ही जोडी धरूनच चाललात, तर हे दोघंही हातून सुटतील.

फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत काढा. फ्लॅश आणि ब्युटी फिल्टर बंद. बुबुळ निळं, घारं की तपकिरी, एवढंच लिहा. निळ्या रंगामागे मुख्यतः हर्क-२ जनुकातला एक बदल असतो आणि तो पश्चिम आशिया, अफगाणिस्तान, उत्तर भारतातही सापडतो. म्हणून डोळ्यांवरून एका जनुकाचा अंदाज येतो, देशाचा नाही.

त्वचेचा रंग बघायचा तो दंडाच्या आतल्या बाजूला. सोलापूरच्या उन्हात चेहरा काहीच खरं सांगत नाही. तरी त्यावर फार भिस्त नको, कारण उजळपणा देणारा एसएलसी२४ए५ या जनुकातला बदल भारतातही भरपूर आहे.

नाक सोडून द्या. नाकपुड्यांची रुंदी हवामानाशीही जुळते. ब्रिटिश काळातला अधिकारी रिस्ले यानं नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती, तो प्रकार पुन्हा नको. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या तेव्हा मार्गदर्शक फिशर यांचा होरा होता की युरोपीय कवट्या वेगळ्या निघतील. मोजमापांत तसं काहीच निघालं नाही.

खात्री हवी तर लाळेची डीएनए चाचणी करा. नमुन्याआधी अर्धा तास चहा, मावा, तंबाखू, काहीही नको. नळी रेषेपर्यंत भरा, पण फेस त्यात मोजू नका. नमुना नापास होण्याचं हे नेहमीचं कारण. झाकण लावून नळी हळू उलटीसुलटी करा, म्हणजे टिकाऊ द्रव नीट मिसळतो.

अहवालात ‘युरोपीय’ एक-दोन टक्के आले तर तो चाचणीतला गोंगाट समजा, खरा वंश नव्हे. मोठा आकडा आला तरी थांबा: स्टेपचा वंश इसवीसनपूर्व २००० ते १५०० च्या सुमारास आपल्याकडेही आला, त्यामुळे तो युरोपियनांशी जुळणारच. म्हणजे दोन्हीकडचं मूळ एकच, त्यावरून अलीकडचा युरोपीय पूर्वज सिद्ध होत नाही.

अहवालात डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी असते, तिच्यात मात्र आपल्याकडची खास गफलत होते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घराण्यांत एकच पूर्वज दोन-तीन वाटांनी येतो, मग दूरचा माणूस जवळचा चुलत म्हणून दिसतो. यादी वाचण्याआधी आजी-आजोबांची आडनावं, गावं आणि आपसातली लग्नं कागदावर मांडून ठेवा.