भाडेकरू बदलला की आधी कुलपाचं सिलिंडर बदला

सांगलीच्या विश्रामबागेत वरच्या खोल्या भाड्यानं देणारी घरं पुष्कळ. वालचंद कॉलेज हाकेवर, त्यामुळे वर्ष संपलं की जुनी मुलं जातात आणि पावसाळ्यात नवी यायला लागतात. आमच्याही वरच्या दोन खोल्या मुलींना दिलेल्या असतात. जाणारी मुलगी चावी परत करते, पण मधे कधी मैत्रिणीसाठी तिनं एक जादा चावी पाडून घेतली होती का, हे मला कळायला मार्ग नसतो. नवी येणारी घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहणार असते. तिच्या दाराची चावी गावात आणखी कुणाकडे असता कामा नये, हे मी घरमालकीण म्हणून माझं काम समजते. म्हणून खोली रिकामी झाली की रंगाच्याही आधी सिलिंडर.

यासाठी अख्खं कुलूप उपसायचं नसतं. दाराच्या पोटात बसवलेलं मॉर्टिस लॉक असेल, तर जिथं चावी जाते तेवढा भाग, म्हणजे सिलिंडर, सुटा निघतो. हँडल, पट्ट्या, आतली पेटी सगळं जागच्या जागी राहतं. सुतार लागत नाही. फुलीचा चांगला डिसमिस, मिलिमीटरची पट्टी आणि चालू चावी एवढ्यावर काम होतं.

आधी आपलं कुलूप त्या जातीचं आहे ना, ते बघा. दार उघडून कडेची उभी पट्टी पाहा. वर-खाली पट्टीचे दोन स्क्रू असतात, आणि चावीच्या भोकाच्या बरोबर पातळीत आणखी एक स्क्रू असतो. तो दिसला आणि सिलिंडरचं तोंड वर गोल, खाली शेपटीसारखं निमुळतं असलं, तर ते युरो प्रोफाइल. या आकाराची मापं ठरलेली आहेत: उंची ३३ मिलिमीटर, गोल भाग १७, खालचा भाग १० मिलिमीटर रुंद. म्हणूनच एका कंपनीच्या कुलपात दुसरीचं सिलिंडर सहसा बसतं. जुन्या वाड्यातलं मोठ्या दांडीच्या चावीचं कुलूप, गोल मुठीत चावी जाणारं कुलूप किंवा दाराच्या आतून पेटी ठोकलेलं नाइट लॅच असेल, तर पुढची रीत त्यांना लागू नाही.

सिलिंडर बिघडलंय म्हणून बदलत असाल, तर दुकान गाठण्याआधी एक तपासणी करा. दार उघडं ठेवून चावी फिरवा. उघड्या दारात चावी अलगद फिरते आणि लावलेल्या दारातच अडते, तर सिलिंडरचा दोष नाही. जुलै-ऑगस्टात लाकूड फुगतं, बिजागऱ्या ढिल्या होऊन दार खाली बसतं आणि कुलपाचा दांडा चौकटीच्या भोकात नीट जात नाही. तिथं बिजागऱ्या आवळा किंवा चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीनं थोडं वाढवा. अशा वेळी जोर लावला की चावी मोडते आणि अर्धी आत राहते.

आता माप. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण दुकानात आपण नुसतं ‘सत्तरचं द्या’ म्हणतो. सत्तर ही पूर्ण लांबी झाली. ती ३५ अधिक ३५ असेल, ३० अधिक ४०ही असेल. कडेच्या त्या मधल्या स्क्रूच्या केंद्रापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक माप, आतल्या टोकापर्यंत दुसरं. दोन्ही आकडे कागदावर ‘बाहेर’, ‘आत’ असं लिहूनच घ्या. खोल्यांच्या साध्या फ्लश दारांना बहुतेकदा ६० म्हणजे ३० अधिक ३० पुरतं. जाड मुख्य दाराला ७० किंवा त्याहून मोठं लागतं. पण अंदाजावर जाऊ नका, पट्टी लावा. जुनं सिलिंडर चुकीच्या मापाचं बसवलेलं असण्याचीही शक्यता असते, म्हणून ते बाहेर किती डोकावतंय तेही पाहा. बाहेरच्या पट्टीच्या पातळीत किंवा फार तर दोन-तीन मिलिमीटर पुढं, इतकंच हवं. सिलिंडर स्क्रूच्या भोकापाशी सर्वांत बारीक असतं. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून चोर ते तिथंच मोडतात.

दोन्ही बाजूंनी चावी लागणारं घ्यावं की आतून नॉब, म्हणजे चावीऐवजी हातानं फिरवायची मूठ, असलेलं, हा पुढचा प्रश्न. राहत्या खोलीला मी आतून नॉबच बसवते. कोयनेचा १९६७चा भूकंप पाहिलेली माणसं आमच्या भागात अजून आहेत, त्यांना रात्री अंधारात बाहेर पळणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अशा वेळी आतली मुलगी उशाखाली चावी शोधत बसायला नको. दाराला काच असेल किंवा शेजारच्या खिडकीतून हात नॉबपर्यंत पोचत असेल, तर मात्र आधी तिथं जाळी बसवा. दोन्हीकडून चावीचंच घ्यायचं असेल, तर आत चावी राहिली तरी बाहेरून दुसऱ्या चावीनं उघडतं का, हे दुकानात विचारा. साध्या सिलिंडरमधे ते उघडत नाही.

काढताना दार उघडं ठेवा आणि ते हलणार नाही असं खाली काहीतरी अडकवा. मधला स्क्रू पूर्ण बाहेर काढा. वर-खालच्या दोघांना हात लावू नका. मधल्या स्क्रूवर रंग बसला असेल तर खाचेतला रंग आधी टोकानं खरवडा, नाहीतर डिसमिस घसरून फुली झिजते. गंजला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. स्क्रू निघाला तरी सिलिंडर लगेच सुटत नाही, आणि इथं माणसं हातोडी घेतात. हातोडी नको. सिलिंडरच्या मध्यावर एक दात असतो, तो चावीबरोबर फिरतो आणि कुलपाचा दांडा सरकवतो. चावी काढलेल्या स्थितीत तो दात सहसा थोडा तिरका, कुलपाच्या पेटीत अडकलेला असतो. चावी घाला, अगदी किंचित, दहा-पंधरा अंश फिरवा आणि हलक्या हातानं ओढत राहा. दात सिलिंडरच्या अंगाशी सरळ आला की ते आपोआप सरकतं. एका बाजूला नाही तर दुसऱ्या बाजूला फिरवून पाहा. नॉबवालं सिलिंडर आतल्या बाजूनंच निघतं, कारण नॉब भोकातून पलीकडे जाणार नाही.

निघालेला नग हातात घेऊन दुकानात जा. गणपती पेठेत मी तो काउंटरवर ठेवते आणि नवा त्याच्या शेजारी उभा करून दात, भोक, दोन्ही टोकं जुळवून घेते. तेवढ्या वेळात घरी कुणीतरी थांबायला हवं, दाराला कडी तेवढी असते.

नवं बसवायची रीत याच्याच उलट. चावी घालून दात अंगाशी सरळ करा, सिलिंडर सरकवा, स्क्रूचं भोक कडेच्या भोकासमोर आणा. स्क्रू आधी बोटांनी लावा. आटे धरत नसतील तर चावीनं सिलिंडर केसभर आत-बाहेर हलवा, पण तिरका रेटू नका. पॅकेटातला स्क्रू लांबीला जुन्याशी ताडून बघा. आखूड पडला तर जुनाच वापरा. शेवटी बेतानं आवळा. फार आवळलं की सिलिंडर एका बाजूला ओढलं जातं आणि नवी कोरी चावीसुद्धा जड फिरते. तसं झालं तर स्क्रू पाव फेरा सैल करा. मग दार उघडं ठेवूनच प्रत्येक चावी दांडा पूर्ण बाहेर येईपर्यंत फिरवून बघा, आणि सगळं ठीक असेल तरच दार लावा. त्या वेळी एक माणूस आत असू द्या.

तेलाबद्दल कळकळीनं सांगते. खोबरेल, गोडेतेल, शिलाईच्या मशीनचं तेल, काहीही सिलिंडरमधे सोडू नका. आत बारीक पिना आणि त्यांवर स्प्रिंगा असतात. तेलाला धूळ चिकटून त्यांचा चिखल होतो. कुलपासाठी मिळणारी ग्राफाइट पूड थोडी फुंका, किंवा मऊ पेन्सिल चावीच्या दातांवर घासून चावी काही वेळा आत-बाहेर करा. गावभागात माझ्या भावाच्या घरी २०१९च्या पुरात पाणी शिरलं होतं. पुराचा गाळ इतका बारीक की पिनांच्या भोकांत जाऊन बसला आणि चावी अर्ध्यावर थांबायची. पाण्याखाली गेलेलं सिलिंडर धुवून काही दिवस चालतं, पण भरवसा राहत नाही. घर साफ झालं की ते बदलाच.

चाव्यांचं पाकीट मी नव्या मुलीसमोर फोडते, चाव्या मोजून देते. एक चावी बंद लखोट्यात माझ्याकडे राहते, लखोट्याच्या जोडावर तिची सही असते. तो फक्त तिच्या सांगण्यावरून किंवा आग-पाण्यासारख्या प्रसंगात उघडायचा. चावीवर नंबर छापलेला असेल तर त्याचा फोटो कुणाला पाठवू नका, काही कंपन्यांची चावी त्या नंबरावरून बनते. तुम्ही स्वतः भाडेकरू असाल तर मालकांना विचारून सिलिंडर बदला, जुनं चाव्यांसकट जपून ठेवा आणि खोली सोडताना पुन्हा तेच बसवून द्या. मालक असाल तर काढलेलं सिलिंडर शेजारच्या खोलीला लावू नका, त्याच्या चाव्या बाहेर गेलेल्या आहेत. ते पितळेचं असेल तर भंगारात त्याचे पैसे येतात.