यशवंतराव चव्हाणांच्या जडणघडणीवर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवावं

१२ मार्च, म्हणजे यशवंतरावांची जयंती, जवळ आली की शाळाशाळांत हा विषय निघतो, आणि दहातली आठ भाषणं दीड मिनिटातच मंगल कलशाशी आणि हिमालयाच्या मदतीला धावलेल्या सह्याद्रीशी पोचतात. विषय बालपण आणि शिक्षण असेल, तर १९४१ साली पुण्याच्या लॉ कॉलेजातून वकिलीची पदवी मिळाली तिथे थांबायचं. पुढची पदं परीक्षकांना पाठ असतात.

आधी संहिता. व्यासपीठावर मराठी मिनिटाला साधारण शंभर शब्दांच्या वेगानं नीट ऐकू येतं. म्हणून ४५० शब्द लिहा. उरलेला अर्धा मिनिट थांब्यांसाठी. ६०० शब्द लिहिलेला मुलगा शेवटच्या घंटेला धावत सुटतो आणि भाषणाचा सगळ्यात चांगला भाग कुणाला कळतच नाही. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...’ ही लांबण एका वाक्यात आटपा.

मजकुरासाठी त्यांचं ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र हाताशी ठेवा. ते १९४६ पर्यंतच येतं, म्हणजे आपल्याला हवं तेवढंच. जन्म देवराष्ट्रे इथे, १९१३ साली. हे त्यांचं आजोळ. घराणं मूळचं विट्याचं. ‘सांगली जिल्ह्यात जन्म’ असं सरसकट म्हणू नका. तेव्हा तो सातारा जिल्हा होता, ‘आजच्या सांगली जिल्ह्यात’ म्हणा. वडील बळवंतराव प्लेगनं लवकर गेले आणि आई विठाबाईंनी मुलं वाढवली. एवढ्याला चाळीस सेकंद पुरेत. गरिबीचं वर्णन ताणलं की भाषण रडवं होतं.

खरा वेळ कराडच्या टिळक हायस्कूलला आणि तुरुंगाला द्या. ‘तू कोण होणार?’ या शिक्षकांच्या प्रश्नावर ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ हे उत्तर सगळेच सांगतात. सांगायला हरकत नाही, पण टाळीसाठी थांबू नका. त्यापेक्षा शालेय वयात पुण्यातली वक्तृत्व स्पर्धा त्यांनी ग्रामसुधारणा या विषयावर जिंकली, हे सांगा. खेड्यातल्या मुलाला तो विषय पुस्तकातून उचलावा लागला नव्हता, आणि वक्ता कसा घडतो ते इथे दिसतं.

मग १९३२. शाळेच्या आवारात तिरंगा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा आणि येरवडा. भाषणाचा कणा हाच, याला दीड मिनिट. गांधीवादी विचारवंत आचार्य भागवतांसारखी माणसं तिथे बंदी होती. वाचन, चर्चा, वाद ऐकणं हे सगळं बराकीत झालं. मॅट्रिक १९३४ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी. हा हिशेब श्रोत्यांसमोर मांडा, कारण उशीर का झाला हे त्यातून आपोआप कळतं. पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १९३८ साली बी.ए., मग पुणे. हा भाग दोन वाक्यांत उरका. सनावळ्या जितक्या जास्त, तितकी जीभ अडखळण्याची ठिकाणं जास्त.

शेवटी विठाबाईंची ओवी घ्यायची तर ‘नका बाळांनो डगमगू, चंद्र-सूर्यावरील जाईल ढगू’ ही ओळ गाऊ नका, आई घरात बोलेल तशी म्हणा.

पाठांतर शब्दाला शब्द करू नका. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मधले चार टप्पे (देवराष्ट्रे, कराड, येरवडा, कोल्हापूर) एवढंच पक्कं ठेवा. मधलं वाक्य विसरलं तर मागे जाऊन ते शोधू नका, पुढच्या गावाचं नाव घ्या. परीक्षकांकडे संहिता नसते. सराव उभं राहून, घड्याळ लावून आणि पंखा चालू ठेवून करा, कारण सभागृहात ध्वनिवर्धक ऐन वेळी बंद पडतो आणि खोलीत कमावलेला आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही.