उभा राहिलेला जुना ट्रक पुन्हा चालू कसा करावा

दहा-पंधरा वर्षं एका जागी उभा असलेला अवजड ट्रक आणला की पहिल्याच संध्याकाळी चार माणसं जमतात. त्यातलं एक तरी हमखास म्हणतं, ‘बॅटरी लावा, सेल्फ मारा, बघू तरी घेतोय का!’ त्या माणसाच्या हातातली किल्ली काढून घ्या आणि आपल्या खिशात टाका. निदान आठवडाभर ती बाहेर निघता कामा नये.

ज्यांच्या इंधन पंपात कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, अशा पूर्ण यांत्रिक डिझेल ट्रकांबद्दल मी बोलतोय. पाने, मजबूत जॅक, घोड्या तुमच्याकडे आहेत आणि त्या वापरता येतात, असं धरून चालतो.

हात लावण्याआधी

फोटो काढा. धुण्याआधी काढा, कारण कुठली नळी कुठून गेली आहे हे मळाच्या थरातच नीट दिसतं. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा. बऱ्याच जुन्या ट्रकांत हवा संपल्यावर आपोआप लागणारा स्प्रिंगचा ब्रेक नसतो. टाकीत हवा नाही म्हणजे ब्रेकही नाही. सीटखाली सापडलेली कागदं, पावत्या, तुटकी नावाची पट्टी, काहीही फेकू नका.

तेल, पाणी, डिझेल

सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या परातीचा, नट एकदम काढू नका. दोन आटे सैल करा आणि थांबा. पाणी तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे सिलिंडरच्या लाइनरच्या (आतल्या नळीच्या) रबरी रिंगांमधून पाणी खाली उतरलं असेल तर आधी तेच टपकतं. गेजपट्टीवर तेल खुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नका. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल आत गेलेलं असू शकतं. बोटावर घेऊन वास घ्या, लगेच कळतं. तेल आणि सगळे फिल्टर बदलायचे, यात चर्चा नाही.

टाकीतलं जुनं डिझेल वापरायचं नाही. तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढून काळा बुळबुळीत थर बसतो. टाकी सवडीने धुता येईल. पहिल्यांदा चालू करायला पाच लिटरचा स्वच्छ डबा, ताजं डिझेल आणि आरपार दिसणारी नळी पुरते.

इंजिन हाताने फिरवणं

सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग क्रँकच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. अडलं तर आणखी तेल आणि आणखी दिवस. नोझल जागेवर असताना सेल्फ मारला आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी असलं, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रॅक

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नाही, इंधनावर ठरतो. रांगेतल्या (इनलाइन) इंधन पंपात दर सिलिंडरमागे एक प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या, असतो आणि प्रत्येक प्लंजर किती डिझेल ढकलणार हे एक दातेरी दांडी ठरवते. ती म्हणजे रॅक. जर्मनीच्या बॉश कंपनीने 1927 मध्ये असे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं जगभरचे ट्रक याच मांडणीवर चालले. पंपाला जोडलेला गव्हर्नर (वेगावर लक्ष ठेवणारी यंत्रणा) रॅक पुढे-मागे सरकवून इंजिनाला आवर घालतो. रॅक सरकलाच नाही, तर आवर घालणारं कुणी उरत नाही.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढे आहे. ट्रक शेवटचा बंद केला तेव्हा ड्रायव्हरने स्टॉपची केबल ओढली, इंजिन थांबलं, त्याने केबल सोडली. केबल सुटताच गव्हर्नरच्या स्प्रिंगने रॅक पुन्हा भरपूर इंधनाच्या बाजूला नेऊन ठेवला, कारण पुढच्या वेळी चालू करायला तसाच लागतो. म्हणजे तो ट्रक इतकी वर्षं रॅक पूर्ण उघडा ठेवून उभा आहे. आतलं डिझेल सुकून त्याची राळ होते. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात जागा असते दोन-तीन मायक्रॉन. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहापैकी एक प्लंजर चिकटला तरी पुरे, कारण सहाही एकाच रॅकला बांधलेले असतात.

मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या दुसऱ्याच ट्रकचं इंजिन हाताने मोकळं फिरत होतं, तेल नवं होतं, डिझेल ताजं होतं. स्टॉपची केबल ओढून पाहिली, पंपावरचा लिव्हर हलला, म्हटलं झालं. सेल्फ मारला. दोन ठसके, पांढरा धूर, आणि इंजिनाने घेतलं. आम्ही दोघं हसलोसुद्धा. मग आवाज चढायला लागला आणि चढतच राहिला. किल्ली बंद केली, काही नाही. या इंजिनाला चालायला वीज लागतच नाही. केबल ओढली, काही नाही. डब्याचा कॉक बंद करायला धावलो, पण फिल्टर आणि पंपात उरलेलं डिझेल त्याला पुरून उरलं असतं. आवाजाची किंकाळी झाली होती, अख्खी केबिन थरथरत होती. एअर क्लीनर धुवायला काढून टेबलावर ठेवला होता आणि परत बसवायचा आम्ही आळस केला होता, म्हणून वाचलो. मित्राने हत्यारांच्या पेटीचं पत्र्याचं झाकण उचलून हवेच्या उघड्या तोंडावर दाबलं. इंजिन गुदमरून थांबलं. दोन पुशरॉड वाकले होते. ते झाकण मध्ये वाटीसारखं आत गेलं आहे, आजही माझ्या भिंतीवर टांगलेलं आहे.

पंप उघडला तेव्हा चौथा प्लंजर चिकटलेला निघाला. मग केबल ओढल्यावर लिव्हर कसा हलला? काही गव्हर्नरमध्ये लिव्हर आणि रॅक यांच्यामध्ये स्प्रिंगची जोडणी असते. लिव्हर हलतो, स्प्रिंग दबते, रॅक जागचा हलत नाही. म्हणून ‘लिव्हर फिरतोय, म्हणजे पंप ठीक आहे’ असं कुणी सांगितलं तर त्याने रॅक डोळ्यांनी पाहिलाय का, एवढं विचारा.

डोळ्यांनी असा पाहायचा: पंपाच्या बाजूचं झाकण काढा. आत स्प्रिंगांची रांग आणि त्यांच्याजवळून जाणारा रॅक दिसेल. एकाने केबल ओढायची, दुसऱ्याने टॉर्च धरून बघायचं. केबल ओढली की रॅक एका बाजूला पूर्ण जायला हवा, सोडली की न अडखळता परत यायला हवा. बोटाने ढकलला तर लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. कचकच, थांबून थांबून सरकणं म्हणजेही नापास.

चिकटलेला असेल तर पातळ तेल आणि स्वच्छ डिझेल निम्मं-निम्मं करून आत शिंपडा आणि रोज थोडं, असं तीन-चार दिवस करा. मधूनमधून क्रँकचा पाना हळू फिरवा आणि स्प्रिंगांकडे बघत राहा. बाकीचे प्लंजर खाली-वर होतात, चिकटलेला वरच राहतो आणि त्याला वर ढकलणारा खालचा टॅपेट एकटाच खाली जातो. तोच गुन्हेगार. त्याला हलके टिचक्या चालतील. स्क्रू-ड्रायव्हर घालून रॅक उचकटायचा नाही, दाते तुटतात. पॉलिश पेपर तर पंपाच्या आसपासही आणू नका. आठवड्यात सुटला नाही तर पंप उतरवून कॅलिब्रेशन करणाऱ्याकडे न्या. प्लंजर आणि त्याची नळी ही घासून जुळवलेली जोडी असते. घरी सहा जोड्या उघडून एका ताटलीत ठेवल्या की पंप भंगारात गेला असं समजा.

इंजिन असं आवराबाहेर पळायची आणखी तीन कारणं आहेत. काही पंपांवर गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो आणि त्यात चामड्याचा पडदा असतो. चामडं वाळून तडकलं की स्प्रिंग रॅकला पूर्ण इंधनाकडे ढकलून ठेवते. पडदा काढून उजेडासमोर धरा, टाचणीएवढं भोकही चालणार नाही. दुसरं, तेलाच्या तळ्याचा जुना एअर क्लीनर. त्यात खुणेच्या वर तेल भरलं तर इंजिन तेच ओढून घेतं आणि त्यावर पळतं. तिसरं कारण तुम्ही वर वाचलंच आहे: डिझेल मिसळून वाढलेलं सम्पमधलं तेल.

1938 मध्ये आलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या 71 मालिकेसारख्या टू-स्ट्रोक इंजिनांत पंप वेगळा नसतो. प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा छोटा रॅक असतो आणि सगळे एका नळीला जोडलेले असतात. हेडवरचं झाकण काढून एकेक रॅक तपासा. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांना हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरच्या तोंडावर हवा बंद करणारी झडप दिलेली असते. ती गंजून बसलेली नाही ना, याची खात्री सेल्फ मारण्याआधी करायची असते. कमिन्स इंजिनांच्या पीटी इंधन प्रणालीत असा रॅकच नाही, पण पुढचा परिच्छेद त्यांच्या मालकांनीही वाचावा.

चालू करणं

हवेचं तोंड उघडं ठेवा आणि त्याहून मोठी जाड फळी घेऊन एक माणूस बाजूला उभा करा. त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. हात किंवा फडकं तोंडावर धरायचं नाही, ओढ इतकी असते की फडकं आत जातं आणि हाताचं काय होईल ते सांगत नाही. टर्बो असेल तर फिरत्या पंख्यापासून सैल बाह्याही दूर हव्यात.

नोझल बाहेर असतानाच, केबल ओढून ठेवून, सेल्फवर इंजिन फिरवा, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. मग नोझल बसवा, पंपाची हवा काढा, आणि घ्या. नोझलचा फवारा बाहेर तपासत असाल तर त्यासमोर हात नको. तो कातडीतून आत शिरतो आणि वरून टाचणी टोचल्यासारखा दिसला तरी ताबडतोब दवाखान्यात जावं लागतं. ईथरचा स्प्रे मी वापरत नाही. ग्लो प्लग किंवा हवेचा हीटर असलेल्या इंजिनात तर तो स्फोटाला आमंत्रण आहे. निरोगी इंजिन त्याच्याशिवाय घेतं.

चालू झालं की मंद गतीवर ठेवा, केबल ओढून लगेच बंद करा, मगच पुन्हा चालू करा. थांबतं हे आधी, पळतं हे नंतर.

ब्रेक

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेचा फुंका मारायचा नाही. ओलं फडकं आणि मास्क. हवेच्या टाक्यांचं पाणी काढा, रबरं सगळी बदला. हवेच्या दाबाचा काटा 60 पौंडांच्या (पीएसआय) वर गेल्याशिवाय ट्रक हलवू नका. स्प्रिंगचे ब्रेक असतील तर स्प्रिंग असलेल्या डब्याचा पट्टा उघडू नका. आतली स्प्रिंग माणूस मारते, डबाच अख्खा बदलतात.

चाकं

लॉक रिंगची डिस्क (टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेली) असेल आणि टायर बसलेला असेल तर जागेवर हवा भरू नका. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्के किंवा त्याखाली चाललेलं असं चाक आधी उतरवून, उघडून, रिंगचा गंज तपासायचा आणि मग लोखंडी पिंजऱ्यातच हवा भरायची, हा नियम आहे. पंक्चरवाला पिंजऱ्याशिवाय भरतो म्हणाला तर दुसरा पंक्चरवाला शोधा.

किंग पिन

किंग पिन म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. पुढचा ॲक्सल उचलून, चाकांवरचं वजन काढून तिथे ग्रीस भरा. वजनासकट भरलं तर जिथे हवं तिथे पोचत नाही.

रंग

मॅक या अमेरिकन ट्रकची बी मालिका 1953 पासून 1966 पर्यंत निघाली. त्यातला एखादा गाडा नवरीसारखा चकाकताना दिसला की लोक टाळ्या वाजवतात. मला वाईट वाटतं. दारावरची हाताने काढलेली अक्षरं, हजार वेळा कोपर टेकून उडालेला खिडकीच्या कडेचा रंग, एका बाजूने झिजलेला क्लच पेडल, हे पुन्हा बनवता येत नाही. सौम्य साबण, मऊ फडकं, मेण. गंज फक्त जिथे खातोय तिथे थांबवा. रंग कधीही देता येतो, एकदा खरवडलेला जुना परत लावता येत नाही.

आणि चालवा. सिंक्रो (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच दाबून, मध्ये बरोबर तेवढी रेस देऊन गिअर आवाज न करता पडला की त्या काळचा ड्रायव्हर दिवसातून शेकडो वेळा काय करत होता ते पायाला कळतं. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईल इतकं तरी फिरवून आणा. उभ्या-उभ्या दहा मिनिटं चालू ठेवण्याने उलट आत पाणीच साचतं.

लांब काळ उभा करायचाच असेल, तर टाकी काठोकाठ भरा, पाटे आणि टायरांवरचं वजन घोड्यांवर घ्या. आणि इंजिन बंद केल्यावर स्टॉपची केबल सोडू नका. ओढलेलीच तारेने बांधून टाका आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी अडकवा. रॅक चिकटलाच तर बंद बाजूला चिकटेल. दहा वर्षांनी कुणीतरी सेल्फ मारेल, ट्रक घेणार नाही, तो वैतागेल, एवढंच.