रीडिंग जुळवायची सवय गेटबाहेर ठेवा: लॅबमधल्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपमध्ये या चुका टाळा

बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं माझी टायट्रेशनची रीडिंग्ज कायम सारखी यायची. १०.१, १०.१, १०.१. कशी यायची ते तुम्हालाही माहीत आहे. पहिलं रीडिंग खरं, दुसरं बरंचसं खरं आणि तिसरं थेट जर्नलमध्ये जन्मलेलं. परीक्षकही कधीकाळी हेच करून आलेले असतात, त्यामुळे मार्क मिळतात आणि विषय संपतो.

पदवीनंतर लगेच एम.एस्सी.ला न जाता मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) लॅबमध्ये वर्षभर अप्रेंटिसशिप केली. नागपुरात लॅब म्हटलं की नातेवाइकांना एक नीरीच (पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था) माहीत, त्यामुळे "काय शोध लावून राहिली?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात ऐकला. शोध कसला? संशोधनाच्या लॅबमध्ये अनपेक्षित निकाल आला तर माणूस खूश होतो. क्यूसीमध्ये तोच निकाल आला की सगळ्यांचं जेवण लांबतं. आता हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी अशा कुठल्याही एमआयडीसीत जाणार असाल तर मी केलेल्या चुका आधीच वाचून ठेवा.

वजन हातमोज्यावर लिहिणं

दुसऱ्याच आठवड्यात मी केलं. वही टेबलावर होती आणि मी बॅलन्स रूममध्ये. म्हटलं, आकडा हातमोज्यावर लिहून घेऊ आणि मग वहीत उतरवू. वहीत उतरवला, मोजा कचऱ्यात टाकला. सिनियर मॅडमनी तो मोजा डब्यातून काढायला लावला, कारण पहिली नोंद जिथं झाली तीच खरी नोंद. वहीतली झाली नक्कल.

इथं नियम साधा आहे: काम करता करताच लिहायचं, शाईच्या पेनानं, ठरलेल्या वहीत किंवा फॉर्मवर. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर लॅबमध्ये नसतोच. तारीखही आजचीच घालायची. काल विसरलेली सही कालच्या तारखेनं करणं ही आमच्याकडे सगळ्यात मोठी चोरी समजली जायची. मशीनला फसवता येईल असंही समजू नका. एचपीएलसी म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो, तुम्ही कोणतं इंजेक्शन (मशीनमध्ये सोडलेलं द्रावण) मधेच थांबवलं, कोणता पीक (आलेखावरचा उंचवटा) दुसऱ्यांदा इंटिग्रेट केला, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ पुन्हा काढलं, सगळं वेळेसकट उमटतं.

एकाच द्रावणाच्या सहा इंजेक्शनांचा आरएसडी (आकड्यांमधला फरक सरासरीच्या टक्क्यांत) साधारण २.० टक्क्यांच्या आत लागतो. म्हणजे थोडा फरक असणार हे पद्धतीनंच धरलेलं आहे. माझा पहिला आरएसडी ०.४ आला तेव्हा मी घाबरले होते, सहाही आकडे सारखे का नाहीत म्हणून. कॉलेजचा असर, दुसरं काय.

भांडी लगेच धुणं

ही चूक आईच्या संस्कारांमुळे होते. काम झालं की ओटा स्वच्छ. एकदा सॅम्पलचा असे (assay, म्हणजे औषधाचं मोजलेलं प्रमाण) १०१.९ टक्के आला. मर्यादा ९८ ते १०२ ची, त्यामुळे पास होता, पण त्याच बॅचचा दुसरा १०२.६ आला, म्हणजे मर्यादेबाहेर. तोवर मी फ्लास्क धुऊन, पालथे घालून मोकळी झाले होते.

"काऊन फेकलं गं?" मॅडमनी एवढंच विचारलं. निकाल मर्यादेबाहेर गेला की चौकशी होते आणि चौकशीची पहिली साक्षीदार म्हणजे ती मूळ द्रावणं. ती पुन्हा इंजेक्ट केली की चूक मशीनची होती की तयारीची हे अर्ध्या तासात कळतं. ती नसतील तर मग कागद, मुलाखती आणि तुमचं प्रशिक्षण पुन्हा. निकालाचं गणित होऊन तपासणीची सही होईपर्यंत काहीही ओतायचं नाही. मशीनमध्ये ठेवायची छोटी बाटली, व्हायलसुद्धा नाही.

कारण शेवटी सापडलं ते माझ्याच हातातलं. गोळ्यांची पूड मिथेनॉलमध्ये विरघळवायला फ्लास्क सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ठेवतात. सोनिकेटरचं पाणी चालता चालता स्वतःच तापतं. मी कोमट फ्लास्क काढून तसाच खुणेपर्यंत भरला. मिथेनॉल १० अंश तापलं तर साधारण १.२ टक्के फुगतं. थंड झाल्यावर पातळी खाली उतरली, द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र झालं आणि असे चढला. स्टँडर्ड (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण) असा गरम भरला असता तर उलट, सगळी सॅम्पलं कमी दिसली असती. म्हणून निकाल सरसकट वर किंवा खाली सरकलेला दिसला की आधी स्वतःला विचारा: भरताना फ्लास्क गार होता का? फ्लास्कवर तापमान छापलेलं असतं, २०° किंवा २७°. कॉलेजात तीन वर्षं तो फ्लास्क हातात होता, मी ते कधी वाचलं नव्हतं.

बफरवरून सरळ अॅसिटोनायट्राइलवर जाणं

संध्याकाळची बस पकडायची घाई. फॉस्फेट बफरचं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं) काम संपलं, एचपीएलसीचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) धुवायला मी थेट शंभर टक्के अॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट सोडलं. फॉस्फेटचे क्षार त्यात विरघळत नाहीत, जागच्या जागी साखरेसारखे बसतात. प्रेशर चढत गेलं, पंप बंद पडला, बसही गेली.

आधी साधारण ९० भाग पाणी आणि १० भाग मिथेनॉलनं अर्धा तास तरी धुवायचं, मगच सॉल्व्हंट वाढवायचं. पण चूक होऊन गेली असेल तर घाबरून नळ्या एकदम सोडू नका. पंप कमी फ्लोवर चालू ठेवून डिटेक्टरकडून सुरुवात करा आणि एकेक जोड ढिला करत पंपाकडे या. जोड सोडला आणि प्रेशर पडलं, तर अडथळा त्या जोडाच्या लगेच पुढच्या, म्हणजे डिटेक्टरकडच्या भागात आहे. कॉलममध्येच असेल तर नुसतं कोमट पाणी, ०.२ मिली फ्लोनं, आणि धीर. माझा कॉलम दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. हे सगळं लॉगबुकात लिहिलं, माझ्या नावानं. ओरडा बसला, पण लिहिलं नसतं आणि पुढच्या शिफ्टच्या मुलीला पीक पसरट आले असते, तर ती बिचारी दिवसभर आपली चूक शोधत बसली असती.

प्रेशर चढत नाही पण वरखाली नाचतं, अशी तक्रार असेल तर बहुधा पंपात हवा आहे: मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) डीगॅस करा, म्हणजे त्यातली हवा काढा, आणि पंप पर्ज करा, म्हणजे जोरात द्रावण सोडून हवा बाहेर घालवा. आणि बिनसॉल्व्हंटचा बफर तीन दिवस वापरू नका. नागपूरच्या गरमीत त्यात शेवाळासारखं काहीतरी वाढतं आणि फिल्टर गच्च होतो.

नागपूरचं हवामान विसरणं

लॅबला एसी असला तरी मे महिना आत येतोच. हवा इतकी कोरडी की पूड स्पॅच्युलावरून उडी मारते, बॅलन्सचा आकडा ठरत नाही. स्थिर विजेचा खेळ असतो तो. वजन लिहायची घाई नको, दारं बंद करून आकडा थांबू द्या. जुलैत नेमकं उलटं. फ्रिजमधून काढलेली स्टँडर्डची बाटली लगेच उघडली की आत दव धरतं आणि तुम्ही औषधासोबत पाणीही मोजता. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा.

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवणं ही कॉलेजातून आणलेली आणखी एक सवय. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये राहतो. पाण्यात ठेवला की सुस्त होतो.

सुट्ट्या आणि बस गृहीत धरणं

मेट्रो खापरीपर्यंतच जाते, त्यापुढं कंपनीची बस किंवा तुमचं नशीब. आणि स्टॅबिलिटीच्या (औषध किती काळ टिकतं ते पाहण्याच्या) सॅम्पलला मारबत, नागपूरची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, माहीत नसते. ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेलं सॅम्पल सहाव्या महिन्याला काढायचं म्हणजे ठरलेल्या मुदतीतच काढायचं, मग शहरात पिवळी मारबत निघालेली असो. घरी आधीच सांगून ठेवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उगाच भांडण नको.

न विचारणं

याच्यावर फार लिहीत नाही. पहिले दोन महिने मूर्ख प्रश्न माफ असतात. सातव्या महिन्यात तोच प्रश्न विचारला की समोरचा "आतापर्यंत काय करून राहिली होती?" म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. माझ्या शंका मॅडमपेक्षा आमच्या लॅबमधल्या भाऊंनी जास्त सोडवल्या. बारा वर्षं काचसामान धुता धुता त्यांना कोणत्या मशीनचा कुठला नट रुसतो हे पाठ झालं होतं.

सही शेवटच्या महिन्यासाठी ठेवणं

मोबाइल गेटवर जमा होतो, त्यामुळे मशीनचे फोटो, क्रोमॅटोग्राम रिपोर्टला लावू ही कल्पना विसरा. काय दाखवायला परवानगी आहे ते पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्या. उत्पादनाचं नाव तर मुळीच नाही. आणि तुमची ट्रेनिंगची नोंदवही दर महिन्याला सही करून घ्या. माझे सुपरवायझर नवव्या महिन्यात नोकरी बदलून हैदराबादला गेले. मागची चार महिन्यांची पानं कोरी होती. नवीन सर म्हणाले, "मी पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?" यावर मला बोलायला जागाच नव्हती, वर्षभर मला तेच तर शिकवलं होतं.