हायडा स्कॅनला येताय? ‘उपाशी’ म्हणजे ‘उपवास’ नव्हे

संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात मी न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत काम करते. पित्ताशय आणि पित्तनलिकेचा हायडा स्कॅन मशीनमुळे क्वचितच बिघडतो. बहुतेकदा तो घरूनच बिघडून आलेला असतो.

आषाढी एकादशीला पाथरीकडचे एक काका पहाटेच्या एसटीनं आले. काही खाल्लं का, विचारलं. “नाही ओ, उपासच हाय आज. निघताना निस्ती भगर अन् शेंगदाण्याची आमटी घेतली.” पित्ताशयाला एकादशी कळत नाही. शेंगदाण्याचं तेल पोटात गेलं की ते आकसतं आणि पित्त बाहेर ढकलतं. स्कॅनसाठी आम्ही शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतो. ते यकृतातून पित्ताबरोबर वाहतं आणि जिथे जातं ती जागा पडद्यावर दिसते. पित्ताशय असं आकसलेलं असलं की ते त्यात शिरत नाही. पडद्यावर यकृत दिसतं, आतडं दिसतं, पित्ताशयाची जागा कोरी. पित्ताशयाला तीव्र सूज येऊन त्याची नळी बंद झाली तरी चित्र असंच दिसतं. काकांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं, मग स्कॅन केला. साबुदाणा, दूध, दुधाचा चहा, सगळं यातच आलं. मोठ्या माणसानं शक्यतो 6 तास काही खाऊ नये. साधं पाणी चालतं.

उलटी चूकही होते. पोट दुखतंय म्हणून दोन दिवस अन्नाला शिवलेलं नसतं, किंवा नवरात्राचे कडक उपवास चालू असतात, आणि माणूस अभिमानानं सांगतो, “कालपासून उपाशी आहे!” 24 तासांहून जास्त उपाशी राहिलं की पित्ताशय जुन्या, घट्ट पित्तानं गच्च भरतं. नव्या औषधाला जागाच उरत नाही. आधी कळलं तर ते रिकामं करून मग स्कॅन लावता येतो. म्हणून मी आता ‘उपाशी आहात का’ विचारतच नाही. शेवटचा घास किती वाजता, एवढंच विचारते.

दुखणं असह्य झालं म्हणून रात्री गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलेलं असेल तर त्याची चिठ्ठी आणा. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन अशा औषधांनी पित्तनलिकेचं आतड्याकडचं तोंड आवळतं, आणि खडा नसताना खडा अडकल्यासारखं दिसतं. पोटातल्या कळेवरच्या काही गोळ्यांनी पित्ताशयाचं आकसणं मंदावतं. मनानं काही बंद मात्र करू नका. नाव आणि वेळ आम्हाला सांगा, काय थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.

‘पिशवी’ या शब्दानं तर आम्हाला बरंच छळलंय. “मावशी, ऑपरेशन झालंय का?” “पिशवीचं झालंय.” बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायांत गर्भपिशवी काढलेल्या इतक्या असतात, की मी तेच धरून चालले आणि तासभर पडद्यावर पित्ताशयाची वाट पाहत बसले. ते दुर्बिणीच्या ऑपरेशनात कधीच काढलेलं होतं! जुनी सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत असू द्या.

तान्ह्या बाळाची कावीळ हटत नसेल, शी पांढरट होत असेल, तर स्कॅनआधी साधारण 5 दिवस फिनोबार्बिटॉल देतात, म्हणजे यकृताला पित्त बाहेर टाकायला चालना देणारं औषध. बाळ फार झोपतंय म्हणून आया ते मध्येच थांबवतात. मग यकृत स्कॅनचं औषध नीट बाहेर टाकत नाही आणि पित्तनलिका बंद आहे की नाही याचा उलगडा होत नाही. पित्तनलिका जन्मतःच बंद असेल तर ऑपरेशन 60 दिवसांच्या आत व्हावं असं पाहतात, त्यामुळे वाया गेलेला आठवडा महागात पडतो. बाळ सुस्त वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, डोस चुकवू नका.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर तारीख घेतानाच सांगा.

परतीच्या गाडीचं तिकीट आधी काढू नका. टेबलावर साधारण तासभर स्थिर पडावं लागतं. तोवर पित्ताशय दिसलं नाही तर 3-4 तासांनी पुन्हा फोटो, बाळांचा कधी 24 तासांनी. या मधल्या वेळात नातेवाईक हमखास म्हणतात, “झाला ना एक फोटो, चल, वडापाव खाऊन घेऊ.” तो वडापाव आम्ही हो म्हणेपर्यंत नातेवाइकांनीच खावा.