नागपुरात बसून वाइनवर लिहिताना

माझं माहेर वर्ध्याचं, म्हणजे गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातलं. त्यामुळे लेक काय करते असं कोणी विचारलं, की आई "द्राक्षांवर लिहिते" एवढंच सांगते. ती तसं फारसं खोटंही बोलत नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी) आणि जानेवारी ते मार्च तोडणी हे वेळापत्रक माझ्या भिंतीवर टांगलेलं आहे, आणि माझ्या लेखांची वर्षभराची आखणी त्यावरूनच होते. रोज संध्याकाळी ग्लास हातात घेऊन बसण्याचं स्वप्न असेल, तर दुसरं काम शोधा. मी चव घेते ती सकाळी दहा-अकराला, अत्तर न लावता, आणि घोट थुंकून टाकते. खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, गावात थुंकायला वेगळं शिकावं लागत नाही म्हणा. पण तो खर्रा मात्र सोडावाच लागतो, नाहीतर जिभेला काहीच कळत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे लेव्हलवार कोर्स असतात. त्यासाठी मी मुंबईच्या चकरा मारल्या. दुसऱ्या लेव्हलला नुसते बहुपर्यायी प्रश्न असतात. तिसऱ्या लेव्हलला लेबल झाकून दोन वाइन समोर ठेवतात आणि त्यांचं वर्णन लिहायला सांगतात. सोनल हॉलंड २०१६ मध्ये मास्टर ऑफ वाइन झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ते शिखर वेगळं. लेख लिहायला तिसरी लेव्हल पुष्कळ झाली. फी जड आहे, म्हणून आधी सहा महिने लिहून बघा आणि मगच पैसे भरा.

माझी खरी अडचण शब्दांची होती. पुस्तकात गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर. यातलं एकही मी कधी हुंगलेलं नव्हतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि पास झाले. मग पहिल्याच मोठ्या लेखात शिराझ नावाच्या एका रेड वाइनला "जांभूळ आणि ताजी कुटलेली मिरी" असं लिहिलं, तर संपादकांनी जांभूळ काढून ब्लॅककरंट घातलं. मिरी तेवढी वाचली, कारण ती पुस्तकातही होती. गंमत म्हणजे ती नुसती उपमा नाही. शिराझमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइट वाइनचा हिरवट वास ज्या पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, त्याच गटातलं द्रव्य ढोबळी मिरचीत असतं. हे कळल्यावर माझी भीड चेपली. हिवाळ्यात संत्र्याची साल नखाने दाबून हुंगायची, मार्चमध्ये मोहाची फुलं, मग कैरी, भिजवलेली चिंच. सगळं वहीत. पुस्तकातले शब्द परीक्षेसाठी ठेवा. नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचकाने ज्याचा वास कधी घेतलाय, तेच लेखात लिहा.

आता माझी फजिती. मे महिन्यात सीताबर्डीवरून एक बाटली घेतली, स्कूटीच्या डिकीत टाकली आणि दोन तास दुसऱ्याच कामात अडकले. बाहेर पंचेचाळीस अंश. घरी आले तर बूच वर सरकलेलं आणि वाइनला शिजवलेल्या जॅमसारखी चव. मी सरळ "बेचव, थकलेली" असं लिहून मोकळी झाले. डिसेंबरात तीच वाइन एकाकडे प्यायले, तर ती उत्तम निघाली! पुढच्या लेखात चूक कबूल केली. तेव्हापासून वाईट लिहायचं असेल तर दुसरी बाटली उघडल्याशिवाय लिहीत नाही, आणि उन्हाळ्यात खरेदी सकाळीच करून बाटली थेट फ्रिजमध्ये ठेवते.

पैशांचं बोलू. नुसत्या वाइनवर नागपुरात घर चालत नाही. माझ्या कमाईत लेखांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. बाकी हॉटेलांची वाइन-यादी मराठीत करून देणं, वाढप्यांना शिकवणं आणि शेती-पर्यटनावरचं लिखाण. पहिल्या लेखाचे ८०० रुपये मिळाले, तेही चार महिन्यांनी, सात फोन केल्यावर. त्यामुळे शब्दसंख्या, दर आणि पैसे कधी मिळणार हे काम घेण्याआधीच मेलवर लिहून घ्या. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हेही पाहायचं.

फुकटची बाटली आणि फुकटचा मुक्काम यांचा मोह होतोच. मी जाते, पण कोणाच्या खर्चाने गेले ते संपादकांना आधी सांगते. शिवाय १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे, त्यामुळे कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेलं कौतुक म्हणजे नसती भानगड. पिण्याच्या परवान्याचंही लक्षात असू द्या: आपल्या राज्यात वाइनसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. त्या आठवड्यात माझा फोन एकसारखा वाजत होता. बातमी असली की लोकांना वाइनवर लिहिणारी माणसं आठवतात.

नागपूरकर मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "सावजीसोबत काय घ्यायचं?" कडक रेड नको. तिखटाने टॅनिन, म्हणजे रेडमधलं तुरट द्रव्य, आणखी कडू लागतं आणि अल्कोहोल तोंडात पेटतं. किंचित गोडसर चेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन चांगली गार करून घ्या. आमचे मामेसासरे हे ऐकून म्हणाले, "काहून वो सूनबाई, मटणावर सरबत?" पण ग्लास रिकामा केला त्यांनी.

द्राक्षबागा बघायला नाशिकला जायचं तर तोडणीच्या दिवसांत, फेब्रुवारीतच जा. सेवाग्राम एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरायचं. तिकीट डिसेंबरातच काढून ठेवा, आणि सोबत जुने बूट घ्या, कारण तोडणी भल्या पहाटे गारव्यात असते आणि बागेत ठिबकचा चिखल असतो.