घर विकण्याआधी खिडक्या बदलाव्यात का? माझा अनुभव

घर विकायला काढलं तेव्हा पहिला सल्ला मिळाला, "आधी खिडक्या बदलून घ्या." अकरा लाकडी खिडक्या, सगळ्या जुन्या. मी जवळजवळ होकार दिलाच होता. पण नव्या खिडक्यांवर घातलेला सगळा पैसा घराच्या किमतीत सहसा वसूल होत नाही. म्हणून आधी तपासायचं ठरवलं.

स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत दाबून पाहिलं. पाणी तिथे मुरतं, लाकूड कुजायला लागतं तेही बहुधा तिथूनच. नऊ खिडक्यांत टोक अडलं, लाकूड ठणठणीत. दोन खिडक्यांत मात्र ते भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं आत गेलं. त्या दोनच बदलल्या. निम्म्याहून जास्त अशा निघाल्या असत्या, तर दुरुस्तीत न पडता किंमतच कमी केली असती.

बाकीच्या झडपा अडकत होत्या त्या रंगाच्या थरांमुळे. कडा घासून मोकळ्या केल्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे चांगला मास्क लावून, पृष्ठभाग ओला ठेवूनच घासा. यात हयगय नको. मग सुटलेली पुट्टी काढून नवी भरली, बिजागऱ्यांना तेल दिलं, फटींना रबरी पट्टी लावली.

घर बघायला आलेल्या बाईंनी स्वतः कडी काढून झडप ढकलली. सहज उघडली. कोणत्या दोन नव्या, कोणत्या दुरुस्त केलेल्या, हे मी त्यांना लगेच सांगितलं. खिडक्यांवरून घासाघीस झालीच नाही.